गॉटिंगेनची भूकंपशाळा

पृथ्वीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मनुष्याने फार प्राचीन काळापासून विचारला. परंतु त्याचे उत्तर मिळविण्याची साधने त्याच्या हाती अगदी अलीकडे आली. भूपृष्ठापासून पृथ्वीचा मध्यबिंदू सुमारे ६,३७१ किलोमीटर खोल आहे. रशियाच्या कोला द्वीपकल्पात पाडलेले सुप्रसिद्ध छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटर खोलीपर्यंत पोचले आणि पुढे ते काम थांबले. आंब्याच्या सालीवर नखाने ओरखडा काढावा, तेवढाच हा प्रवेश होय. तरीसुद्धा कोय कोठे सुरू होते, ती कशाची आहे आणि तिच्या आत आणखी काय दडले आहे, हे आज शाळेतील मुलेही सांगतात. हे ज्ञान खोदून मिळालेले नाही. ते भूकंपाच्या लहरी वाचून मिळाले आहे. आणि त्या वाचावयाच्या कशा, याचे पद्धतशीर शिक्षण जेथे प्रथम सुरू झाले, त्या स्थळांत जर्मनीतील गॉटिंगेन या लहानशा गावाचे स्थान फार वरचे आहे.

गॉटिंगेनचे विद्यापीठ १७३७ साली स्थापन झाले. पृथ्वीचा अभ्यास तेथे नवा नव्हता. विख्यात गणिती गाउस व त्याचा सहकारी वेबर यांनी १८३३ साली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यासाठी लोखंडाचा खिळाही नसलेली एक कुटी उभारली. पुढे त्यांनी निरनिराळ्या देशांतील वेधशाळांचा एक संघ बनविला. ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे ठरलेल्या क्षणी, सर्वांनी एकदम वेध घ्यावयाचे, अशी त्या संघाची रीत होती. या चळवळीची लाट इंग्लंडमार्गे हिंदुस्थानापर्यंत आली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची इमारत १८२६ साली उभी राहिली होती. तेथे चुंबकीय वेध घेण्यास १८४१ साली प्रारंभ झाला, तो याच काळात. एकट्या मनुष्याने एका जागी बसून पृथ्वीचा अभ्यास होत नाही, त्यासाठी अनेकांनी मिळून काम करावे लागते, ही शिकवण गाउसने त्या गावाला दिली होती.

या भूमीत १८९७ साली एमिल वीखर्ट हे तरुण पदार्थविज्ञानवेत्ते आले आणि पुढच्याच वर्षी त्यांची भूभौतिकीच्या अध्यासनावर नेमणूक झाली. भूभौतिकी म्हणजे पृथ्वीचे पदार्थविज्ञान. या विषयासाठी विद्यापीठात स्वतंत्र प्राध्यापक असावा ही कल्पनाच त्या वेळी नवी होती, आणि जगातील अगदी पहिल्या अशा अध्यासनांत गॉटिंगेनच्या अध्यासनाची गणना होते. वीखर्ट यांचा जन्म १८६१ साली पूर्व प्रशियातील टिल्सिट येथे झाला. वडील लवकर वारले. मुलाला शिकता यावे म्हणून आई कोनिग्सबर्ग येथे येऊन राहिली, आणि ओढाताणीत त्यांचे शिक्षण पुरे झाले. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी कोनिग्सबर्ग येथील व्याख्यानात असे दाखविले की, ऋणकिरणांतील कण हायड्रोजनच्या अणूपेक्षाही कितीतरी हलके असले पाहिजेत. इलेक्ट्रॉनच्या शोधाच्या इतिहासात त्यामुळे त्यांचे नाव घेतले जाते. अशा मनुष्याने प्रयोगशाळेचे सुस्थिर टेबल सोडून हलत्या जमिनीच्या मागे लागावे, याचे पुष्कळांस नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

परंतु त्या बाबतीत त्यांच्यापाशी एक निश्चित विचार होता. संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट आहे. वरच्या खडकांची घनता मात्र पाण्याच्या जेमतेम तिप्पट भरते. तेव्हा पोटात काहीतरी फार जड वस्तू असली पाहिजे, हे उघड आहे. आकाशातून पडणाऱ्या अशनींमध्ये काही दगडी तर काही लोखंडी असतात. यावरून वीखर्ट यांनी असे अनुमान केले की, पृथ्वीसुद्धा लोखंडाचा गाभा आणि त्याभोवती दगडाचे जाड प्रावरण अशी घडलेली असावी. गाभ्याची त्रिज्या त्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार-पंचमांश धरली होती. ही संख्या पुढे चुकीची ठरली, आणि ती चुकीची असल्याचे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने दाखविले. या शाळेची थोरवी समजण्यास एवढी गोष्ट पुरेशी आहे.

गॉटिंगेन गावाबाहेर हाइनबर्ग नावाच्या टेकडीवर १९०१ साली नव्या संस्थेचे काम सुरू झाले. तेथील भूकंपगृहाच्या दारावर एक वचन कोरलेले आहे. हलणारा खडक दूरचे वर्तमान घेऊन येतो, त्याच्या खुणांचा अर्थ लावणे हे तुझे काम आहे, असा त्याचा आशय आहे. आत वीखर्ट यांनी स्वतः आखलेली यंत्रे होती. भूकंपलेखक यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एखादे जड वजन टांगून ठेवले म्हणजे जमीन हलली तरी ते वजन आपल्या जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहते. जमीन आणि वजन यांच्यामध्ये पडलेले हे अंतर तरफांच्या साहाय्याने मोठे करून सुईने टिपून घ्यावयाचे. पण यात एक अडचण असे. एकदा झोका बसला की लंबक स्वतःच डोलत राही, आणि जमिनीची हालचाल कोणती व लंबकाची कोणती हे ओळखू येईनासे होई. वीखर्ट यांनी लंबकाला हवेच्या दट्ट्याचा अवरोध लावून हे फाजील डोलणे थांबविले. त्यामुळे प्रत्येक लहरीचा आरंभ स्वच्छ दिसू लागला. या जातीचे त्यांचे सर्वांत मोठे यंत्र १९०४ साली उभे राहिले. त्याच्या लंबकाचे वजन १७ टन होते, आणि जमिनीची हालचाल ते सुमारे दोन हजार पटींनी मोठी करून दाखवी.

लेखनाची रीत मात्र साधी होती. गुळगुळीत कागद ज्योतीवर धरून त्याच्यावर काजळी चढवावयाची व तो फिरत्या नळकांड्यावर बसवावयाचा. सुई काजळीतून ओढली जाई तेथे पांढरी रेघ उमटे. मग कागद उतरवून लाखेच्या पातळ द्रावणाने ती काजळी पक्की करावयाची. बोट लागले तर लेख पुसला जावयाचा. नवीन विद्यार्थ्याने प्रथम हे काम शिकावयाचे. गणित कितीही चांगले येत असले तरी यंत्राची सुई कोठे अडते, घड्याळ किती सेकंदांनी मागे पडते, वाऱ्याने झाड हलले तर कागदावर काय उमटते, हे कळल्यावाचून पुढचे शिक्षण होत नसे.

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे प्रलयंकारी भूकंप झाला. ते शहर गॉटिंगेनपासून सुमारे ९,००० किलोमीटर दूर आहे. तेथील हादऱ्याची पहिली लहर पृथ्वीच्या आतून एवढे अंतर तोडून बारा मिनिटांच्या सुमारास हाइनबर्गवर पोचली आणि काजळीच्या कागदावर तिची नोंद झाली. भूकंपातून एकाच वेळी निरनिराळ्या जातींच्या लहरी निघतात, हे त्यापूर्वी हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम याने १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपाच्या अभ्यासातून सिद्ध केले होते. पहिल्या जातीच्या लहरी आवाजाच्या लहरींप्रमाणे दाबत व पसरत वेगाने येतात. दुसऱ्या जातीच्या लहरी खडकाला आडव्या हलवीत मागून येतात. दोहोंमध्ये जितका वेळ जातो तितका भूकंप दूर. वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजून मेघ किती लांब आहे हे सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

पण हे मोजावयाचे तर कोणत्या अंतराला कोणती लहर किती वेळात पोचते, याचे विश्वसनीय कोष्टक हवे. ते तयार करण्याचे काम वीखर्ट यांनी कार्ल त्सोप्रिट्झ नावाच्या तरुणाकडे सोपविले. त्सोप्रिट्झ हा भूगर्भशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९०६ साली गॉटिंगेनला साहाय्यक म्हणून आला होता. त्याने तीन मोठे भूकंप निवडले. एक सॅन फ्रॅन्सिस्कोचा, दुसरा इटलीच्या कालाब्रिया प्रांतातील ८ सप्टेंबर १९०५ चा, आणि तिसरा ४ एप्रिल १९०५ रोजी पंजाबातील कांगडा येथे झालेला. कांगड्याच्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्दैवी दिवसाच्या नोंदी जगातील अनेक केंद्रांच्या कागदांवर उतरल्या होत्या. त्या एकत्र करून त्सोप्रिट्झने १९०७ साली लहरींच्या प्रवासकालाचे आलेख प्रसिद्ध केले. पुढील संशोधकांनी पुष्कळ वर्षे याच आलेखांचा आधार घेतला.

त्यानंतर तो अधिक कठीण प्रश्नाकडे वळला. लहर एका थरातून दुसऱ्या थराच्या सीमेवर आदळली म्हणजे तिचा काही अंश परत फिरतो आणि काही पुढे जातो. शिवाय एका जातीची लहर अंशतः दुसऱ्या जातीत पालटते. प्रत्येकीच्या वाट्याला किती शक्ती येते, याची समीकरणे त्याने मांडली. ती छापून येण्यापूर्वीच, २० जुलै १९०८ रोजी, आजाराने त्याचा अंत झाला. त्या वेळी तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

अशा वेळी अर्धवट राहिलेल्या वह्या कपाटात जातात व तेथेच राहतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. गॉटिंगेनमध्ये तसे झाले नाही. लुडविग गायगर आणि बेनो गुटेनबर्ग या दोघांनी त्या वह्या हाती घेतल्या, उरलेले गणित पुरे केले आणि १९१२ साली निबंध छापला, तो त्सोप्रिट्झचे नाव सर्वांच्या आधी घालून. थरांच्या सीमेवरील समीकरणांचा लेख महायुद्धामुळे आणखी मागे पडला. तो १९१९ साली, कर्त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. ही समीकरणे आज त्याच्याच नावाने ओळखली जातात, आणि जमिनीखालील थरात तेल आहे की वायू की पाणी, याचा अंदाज घेताना जगभर वापरली जातात.

गुटेनबर्ग हा डार्मस्टाट येथील साबणाच्या कारखानदाराचा मुलगा. त्याचा जन्म १८८९ चा. त्सोप्रिट्झ वारला त्याच वर्षी तो गॉटिंगेनला आला. त्या काळी तेथे क्लाइन व हिल्बर्ट यांच्यासारखे गणिती शिकवीत होते. भूकंपशास्त्राचे वाङ्मय मात्र इतके थोडे होते की, एखाद्या बुद्धिमान विद्यार्थ्याला ते थोड्या काळात वाचून संपविता येई. त्यानंतर त्याला वाचावयास पुस्तक उरत नसे; काम तेवढे उरे. गुटेनबर्गला पहिला प्रश्न मिळाला तो असा: भूकंप नसतानाही जमिनीत जी बारीक थरथर सदैव चालू असते, ती कशाची? यावरच्या प्रबंधाबद्दल १९११ साली त्याला डॉक्टरेट मिळाली. दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांशी या थरथरीचा संबंध आहे, असा विचार त्या प्रबंधात होता.

यानंतर तो गाभ्याच्या प्रश्नाकडे वळला. पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा ओल्डहॅमने १९०६ साली भूकंपलहरींवरून दिला होता. तो किती खोल आहे हे मात्र निश्चित झाले नव्हते. भूकंपाच्या जागेपासून सुमारे ११,४०० किलोमीटरपर्यंत पहिल्या जातीची लहर स्पष्ट येते. तेथून सुमारे १५,९०० किलोमीटरपर्यंत ती जवळजवळ नाहीशी होते. आणि त्यापलीकडे पुन्हा, पण बऱ्याच उशिराने, उमटते. दिव्यासमोर भिंग धरले म्हणजे भिंतीवर एका जागी उजेड व त्याच्या कडेने काळोख पडतो, तसा हा लहरींच्या छायेचा पट्टा आहे. लहर गाभ्यात शिरताना तिचा वेग सेकंदाला १३ किलोमीटरहून अधिक असतो, तो एकदम ८ किलोमीटरच्या आसपास येतो आणि लहर आत वाकते, हे या छायेचे कारण. गुटेनबर्गने या लहरींच्या येण्याच्या वेळांवरून गणित करून गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटर खोलीवर ठरविली. हा निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. आज उत्तमोत्तम यंत्रे व गणकयंत्रे वापरून काढलेला आकडा सुमारे २,८९० किलोमीटर आहे. काजळीच्या कागदावर भिंगाने सेकंद मोजून पंचवीस वर्षांच्या मुलाने काढलेले उत्तर शंभराहून अधिक वर्षांनंतर दहा किलोमीटरनेही फारसे ढळलेले नाही. गुरूने धरलेला गाभा याच गणिताने कितीतरी लहान झाला. आणि तो निबंध गॉटिंगेनच्या त्याच मालेत, गुरूच्याच देखरेखीखाली छापला गेला.

गुरुबंधूंपैकी लुडविग गायगर याने भूकंपाचे स्थान व वेळ अनेक केंद्रांच्या नोंदींवरून गणिताने ठरविण्याची पद्धत १९१० साली दिली. गुस्ताव्ह आंगेनहायस्टर हा गॉटिंगेनच्या विद्वत्सभेने १९०२ साली पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटावर स्थापिलेल्या वेधशाळेत गेला. महायुद्ध सुरू होताच न्यूझीलंडच्या सैन्याने ते बेट घेतले, तरी त्याने तेथील वेध १९२१ पर्यंत चालू ठेवले. लुडगर मिंट्रोप हा खाणींच्या मोजणीचे शिक्षण घेतलेला होता. भूकंपाची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच लहानसा भूकंप का करू नये, असा त्याचा विचार होता. १९०८ साली त्याने हाइनबर्गवर १४ मीटर उंचीवरून चार टन वजनाचा पोलादी गोळा खाली टाकला आणि त्या धक्क्याच्या लहरी टिपल्या. १९१९ साली त्याने या विद्येचे पेटंट मागितले, १९२१ साली कंपनी काढली, आणि १९२४ साली टेक्सासमध्ये या रीतीने तेलाचा शोध लागला. मुंबईच्या समुद्रात १९६० नंतरच्या दशकात अशाच कृत्रिम लहरींच्या साहाय्याने तळाखालच्या थरांची पाहणी झाली, आणि १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ येथे तेल लागले. त्या यशाचे एक मूळ टेकडीवरून टाकलेल्या त्या पोलादी गोळ्यापाशी जाऊन पोचते.

ही कथा येथे संपली असती तर ती केवळ यशाची कथा झाली असती. पण महायुद्धाने ती शाळा विस्कळित केली. गुटेनबर्ग स्ट्रासबुर्ग येथील भूकंप-कार्यालयात नोकरीस होता. युद्धानंतर ते शहर फ्रान्सकडे गेले आणि त्याची नोकरी गेली. तो डार्मस्टाटला परतला. फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात त्याला शिकविण्याची परवानगी मिळाली, पुढे प्राध्यापक ही पदवीही मिळाली. परंतु त्या पगारात घर चालणे शक्य नव्हते. म्हणून पृथ्वीच्या गाभ्याचे माप घेणारा हा मनुष्य दिवसा वडिलांचा साबणाचा कारखाना पाही आणि उरलेल्या वेळात भूकंपाच्या लेखांवर काम करी. वीखर्ट १९२८ साली वारले. त्यांच्या जागी येण्याची योग्यता कोणात असेल तर ती गुटेनबर्गमध्ये होती. पण ती जागा त्याला मिळाली नाही. तो ज्यू होता, हे त्यामागचे एक कारण असल्याचे त्याचे चरित्रकार नमूद करतात. गॉटिंगेनला आंगेनहायस्टर संचालक झाला. तोही त्याच शाळेचा व योग्य पुरुष होता. तथापि गुटेनबर्गवर झालेला अन्याय त्यामुळे लहान होत नाही.

या हलाखीच्या दिवसांतच, १९२७ साली, डेन्मार्कहून इंगे लेहमान या बाई भूकंपशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीत आल्या. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळिसाच्या घरात होते. गणिताचे शिक्षण झाल्यावर काही वर्षे विमा कंपनीत काम करून त्या या शास्त्राकडे वळल्या होत्या. त्या गुटेनबर्गला भेटल्या, आणि कारखान्याच्या व्यापातूनही त्याने त्यांना हात न आखडता वेळ दिला. लेहमानबाईंनी हा उपकार पुढे कृतज्ञतेने नमूद केला आहे. कोपनहेगनला परतल्यावर त्यांनी १७ जून १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाचे लेख तपासले. छायेच्या पट्ट्यात, जेथे काहीच येता कामा नये, तेथे त्यांना क्षीण लहरी दिसल्या. १९३६ साली त्यांनी प्रतिपादन केले की, गाभ्याच्या आत आणखी एक निराळा, लहान गाभा आहे आणि या लहरी त्याच्यावरून परत फिरतात. गाभ्याची सीमा ठरविणाऱ्या गुटेनबर्गने ही दुरुस्ती अमान्य केली नाही. १९३८ साली त्याने व चार्ल्स रिक्टर याने आपल्या गणिताने तिला पुष्टी दिली. वीखर्ट यांनी जे शिष्याच्या बाबतीत केले, तेच शिष्याने दुसऱ्याच्या बाबतीत केले. आतल्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर असल्याचे आज मानतात.

त्यापूर्वीच, १९३० साली, गुटेनबर्ग अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे प्राध्यापक होऊन गेला होता. पुढे हिटलरच्या राजवटीत जर्मन विद्यापीठांतील ज्यू विद्वानांचे जे झाले ते सर्वविदित आहे. पॅसाडेना येथे रिक्टरने १९३५ साली भूकंपाची तीव्रता आकड्याने सांगण्याचे माप प्रसिद्ध केले. त्या कामात गुटेनबर्गचा सल्ला महत्त्वाचा होता. तेथील भूकंप-प्रयोगशाळेत त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचा नवा मेळा जमला. गॉटिंगेनने जे गमावले ते पॅसाडेनाला मिळाले. १९६० साली त्याचे निधन झाले.

हाइनबर्गवरील यंत्रे मात्र मोडीत निघाली नाहीत. विद्यापीठाची संस्था २००५ साली नव्या वास्तूत गेली, तेव्हा काही जाणत्या नागरिकांनी व शास्त्रज्ञांनी मंडळ स्थापून जुने केंद्र राखले. १७ टनांचा लंबक तेथे अद्याप काजळीच्या कागदावर लिहितो, आणि मिंट्रोपचा गोळा पाहुण्यांसमोर पुन्हा पाडून दाखवितात.

आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जो अनर्थ झाला, त्याची आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. असा धक्का बसला की काही मिनिटांतच त्याचे ठिकाण व खोली आज सांगता येते. यंत्रे विजेवर चालतात, काजळी गेली आणि हिशेब गणकयंत्र करते. पण त्या गणकयंत्रात बसविलेली रीत मुळात गायगरचीच आहे. भूभौतिकीच्या उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज पुस्तकांचा तुटवडा नाही, उपकरणांचाही नाही. गॉटिंगेनच्या त्या मूठभर तरुणांपाशी या दोहोंपैकी फारच थोडे होते. त्यांच्या गुरूने त्यांच्या हाती स्वच्छ लिहिणारे यंत्र दिले, प्रत्येकाला न सुटलेला एकेक प्रश्न दिला, आणि आपले उत्तर खोडून काढण्याची मोकळीकही दिली. मेलेल्या सोबत्याची वही पुरी करावयाची आणि तिच्यावर आधी त्याचे नाव घालावयाचे, ही सवयही त्यांना तेथेच लागली. विद्यापीठे नवीन अध्यासने काढतात तेव्हा इमारत, उपकरणे आणि अनुदान यांचा विचार प्रथम करतात, आणि तो करावयासच हवा. परंतु हाइनबर्गवरील शाळेने पृथ्वीचा गाभा शोधला तो ज्या गुणांच्या बळावर, त्यांची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात करता येत नाही. ते गुरूंनी आपल्या वागणुकीतून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे लागतात.